आंबा घाट, आंब्याच्या पेट्या आणि पिकअपचा पंखा

मे महिन्यात भर दुपारी लोड गाडी घेऊन आंबा घाट चढू नये हे मला माहीत आहे, आबांना तर माझ्याआधी तीस वर्षांपासून माहीत आहे, पण त्या दिवशी पेट्या बांधून व्हायलाच साडेअकरा वाजले आणि कोल्हापूरच्या व्यापाऱ्याचा तिसरा फोन येऊन गेला होता, मग काय, निघालो. हातखंबा, पाली, नाणीज, सगळीकडे इंजिनच्या तापमानाचा काटा निवांत अर्ध्यावर. साखरपा सुटलं, हायवेचं काम चालू असल्यामुळे एका बाजूने गाड्या सोडत होते तिथे पंधरा मिनिटं उभे राहिलो, आणि मग घाटात चिरे भरलेल्या ट्रकच्या मागे लागलो. ओव्हरटेकला जागा नाही, सेकंड गिअर, अधूनमधून फर्स्ट. तिसऱ्या-चौथ्या वळणाला काटा हलायला लागला आणि एकदा हलायला लागला की तो काही थांबत नाही हो, डोळ्यादेखत लाल पट्टीला जाऊन टेकला.

बाजूला घेतली. मागे साठ पेट्या हापूस, वर ताडपत्री, खाली तापलेला रस्ता. आबा काही बोलले नाहीत, खाली उतरून दगड लावला चाकाला आणि बिडी पेटवली. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

इथे एक सांगून ठेवतो, अशा वेळी रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. आमच्या गाडीला ०.९ बारचं झाकण आहे, म्हणजे आत तेवढं प्रेशर धरलं जातं आणि त्यामुळे साधं पाणीसुद्धा शंभरऐवजी ११८ च्या आसपास उकळतं. तुम्ही झाकण फिरवलंत की प्रेशर गेलं, आणि ११० डिग्रीचं पाणी एका झटक्यात उकळून तुमच्या तोंडावर. आमच्या वाडीतल्या एकाच्या हातावर तो डाग अजून आहे.

तर इंजिन बंद केलं, दहा मिनिटं गेली, आणि मी सहज पंख्याच्या पात्याला बोट लावलं. टेबल फॅनसारखा गरगरा फिरला. तीन-चार फेऱ्या मारून मग थांबला. तेव्हा कळलं की आजार काय आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना पंखा इंजिनच्या तोंडावर, वॉटर पंपाच्या पुलीवर असतो, बेल्टने फिरतो. पण थेट नाही, मध्ये एक थाळीसारखा गोल गड्डा असतो, त्याला व्हिस्कस कपलिंग म्हणतात, मेस्त्री लोक नुसतं 'कपलिंग' किंवा 'फॅन क्लच' म्हणतात. त्याच्या आत सिलिकॉनचं घट्ट तेल असतं. पुढच्या बाजूला एक छोटी पट्टी किंवा स्प्रिंग दिसते, दोन धातूंची, रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की ती वाकते, आतली झडप उघडते, तेल मधल्या खाचांमध्ये येतं आणि पंखा पुलीला धरून जोरात फिरतो. हवा थंड झाली की उलटं. वायर नाही, सेन्सर नाही, काही नाही. ज्याने कोणी हे शोधलं त्याला माझा नमस्कार. फक्त ते तेल गळून गेलं की खेळ खलास, कारण मग पुली फिरते आणि पंखा आपला मर्जीने फिरतो. गरम इंजिन बंद करून हाताने फिरवल्यावर त्याने अंग चोरलं पाहिजे, जड लागलं पाहिजे. आमचा गरगर फिरत होता, आणि कपलिंगच्या तोंडावर तेलकट धूळ थापलेली होती, ती मी कित्येक महिने बघत होतो आणि कधी विचारच केला नव्हता.

आबा बिडी विझवत म्हणाले, "सकाळचा आवाज येत नाही हल्ली." मी म्हटलं कसला आवाज. तर थंड इंजिन सुरू केल्यावर पहिलं मिनिटभर पंखा जो घुंऽऽ करून ओरडतो ना, तो. रात्रभर गाडी उभी राहिली की तेल खाचांत उतरून बसतं, म्हणून सकाळी पहिल्यांदा पंखा धरूनच फिरतो, मग तेल परत जागेवर गेलं की सोडतो. तो आवाज शिमग्यापासून बंद होता म्हणे. मला वाटायचं गाडी सुधारली.

त्या दिवशी कसं पोचलो ते लांबवत नाही. केबिनचा हीटर फुल चालू ठेवून, म्हणजे मे महिन्यात, काचा खाली करून, घामाच्या धारा, चार वेळा थांबत वर आलो. हीटरसुद्धा एक छोटा रेडिएटरच असतो, थोडी उष्णता तो आपल्या अंगावर घेतो. पेट्या पोचल्या, भाव उतरलेला होता.

परत आल्यावर मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी फिरवून बघितलं आणि सांगितलं, "कपलिंग आण, अर्ध्या तासाचं काम आहे." पण मी त्या चार दिवसांत मोबाइलवर इतके व्हिडिओ बघितले होते की माझ्या डोक्यात इलेक्ट्रिक पंखाच फिरत होता. अमेरिकेतली माणसं आपल्या त्या मोठ्या मोठ्या पिकअपना बेल्टचा पंखा काढून इलेक्ट्रिक लावतात, इंजिन मोकळं होतं, डिझेल वाचतं, आवाज जातो, असं सगळं. आणि खोटं नाही ते. मी मेस्त्रींना म्हटलं, कपलिंग नको, इलेक्ट्रिकच करू.

"तू गाडी कुठे चालवतोस?"

"म्हणजे? घाटातच की."

"मग बेल्टचा काढू नको."

"का पण?"

"मला का ते सांगता येत नाही. काढू नको."

आता 'सांगता येत नाही' म्हटल्यावर मी कशाला ऐकतोय. मी शिकलेला ना.

पंखा मिळाला कोल्हापुरात भंगारात, एका छोट्या कारचा, १४०० रुपये, कव्हर तुटलेलं म्हणून फेकून दिलेलं. जुना पंखा काढायला मात्र मजा आली. चार बोल्ट, दहाचा पाना, पण बोल्टला जोर लावला की पुलीच फिरते, म्हणून एकाने बेल्ट अंगठ्याने दाबून धरायचा आणि दुसऱ्याने पाना मारायचा. पंखा निघाला आणि त्याबरोबर पुली पण सैल झाली, कारण तेच चार बोल्ट पंखा आणि पुली दोन्ही धरतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पंखा नसताना तेच बोल्ट परत घातले तर ते लांब पडतात, पुली धरतच नाहीत. आखूड बोल्ट शोधत बाजारात एक फेरी. असल्या गोष्टी व्हिडिओत कापलेल्या असतात.

बसवला. प्लॅस्टिकच्या टायांनी, रेडिएटरच्या जाळीतून ओवून. (करू नका. टाय हलते, पंख्याच्या थरथरीने जाळी घासते आणि सहा महिन्यांत नळीला भोक पडतं, माझी पडायच्या आधी निघाली हे नशीब.) चालू केला तर झकास फिरला. मग आबांनी 'तरुण भारत'चं एक पान घेतलं आणि गाडीच्या पुढच्या जाळीवर धरलं. पान चिकटून बसायला पाहिजे होतं, कारण पंखा मागे आहे आणि त्याने हवा आत ओढायला पाहिजे. पान उडून बागेत गेलं. वायरी उलट्या लागल्या होत्या, पंखा इंजिनची गरम हवा रेडिएटरमधून बाहेर ढकलत होता. आबांना हे कुठून सुचलं विचारलं तर म्हणाले भाताला वारा देताना आधी वारा कुठून येतोय ते बघतातच की.

वायरी फिरवल्या. आठवडाभर गावात, बाजारात, रत्नागिरीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अशी थंड की विचारू नका. आणि हे खरंच आहे, उभ्या गाडीत इलेक्ट्रिक पंखा बेल्टच्या पंख्याला हरवतो. इंजिन ८०० आरपीएमवर टुकटुक करत असतं तेव्हा बेल्टचा पंखा पण तसाच टुकटुक फिरतो, हवा कसली येणार, इलेक्ट्रिकला त्याचं काही नाही, तो आपल्या स्पीडने फिरतो. मी मेस्त्रींच्या दारावरून मुद्दाम दोनदा गाडी नेली.

मग जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधी, शेवटच्या पेट्या घेऊन घाट. परत तेच. थोडं वर जाऊन, दोन वळणं जास्त चढून, पण तेच.

आता मेस्त्रींना जे सांगता येत नव्हतं ते मी बसून नीट समजून घेतलं. घाटात सेकंड गिअरमध्ये इंजिन अडीच हजारावर ओरडत असतं, म्हणजे आयडलच्या तिप्पट. पंख्याचा हिशोब असा आहे की स्पीड तिप्पट तर हवा तिप्पट, पण त्याला लागणारी ताकद तीन गुणिले तीन गुणिले तीन, सत्तावीस पट. बेल्टचा पंखा ती ताकद गुपचूप इंजिनकडून खेचून घेतो, म्हणूनच तो डिझेल खातो म्हणून शिव्या खातो, पण त्याच वेळी हवाही तेवढी मारतो. माझा भंगारातला पंखा जास्तीत जास्त दहा-बारा अँपिअरचा, म्हणजे दीडशे वॉट. त्याला इंजिन ओरडतंय का झोपलंय याचं काही देणंघेणं नाही. सपाटीला गाडी साठने पळत असताना वाराच एवढा येतो की पंखा लागतच नाही. लागतो तो गाडी हळू आणि लोड जास्त असताना, आणि ते म्हणजे नेमका घाट.

आणि घाटातसुद्धा आमचा घाट. ही गोष्ट मी कुठल्याच व्हिडिओत ऐकली नाही. दुपारी वारा समुद्राकडून येतो, पश्चिमेकडून, आणि कोकणातून वर चढताना गाडीचं तोंड पूर्वेला. म्हणजे गाडी वीसच्या स्पीडने चढतेय आणि वारा पाठीमागून पंधरा-वीसने येतोय, तर रेडिएटरच्या पुढे हवा जवळजवळ उभी! आरशात बघितलं तर आपल्याच सायलेन्सरचा धूर आपल्याबरोबर चढत असतो. उतरताना हेच सगळं उलट, पण उतरताना कोण गरम होतंय.

दुसरी चूक कव्हरची. भंगारवाल्याने तुटलेलं कव्हर फेकून दिलं म्हणून मला स्वस्त पडलं असं मी समजत होतो, आणि तेच कव्हर अर्धा पंखा असतो. माझा पंखा चौदा इंची, म्हणजे गोल धरला तर साधारण १५४ चौरस इंच. रेडिएटर अठरा बाय वीस, ३६० चौरस इंच. कव्हर नसेल तर पंखा फक्त आपल्या तोंडासमोरच्या गोलातून हवा ओढतो, बाकीचा अर्ध्याहून जास्त रेडिएटर नुसता बघत बसतो. कव्हर पूर्ण रेडिएटर झाकतं आणि सगळ्या कोपऱ्यांतून हवा पंख्याच्या भोकाकडे आणतं.

तर पावसाळ्यात काम काढलं, गाडीला तेव्हा तसंही काम नसतं. दोन पंखे, मागे पत्र्याचं कव्हर फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेतलं, पंखे आणि रेडिएटर यांच्यात दोन इंच जागा, आणि सगळं रेडिएटरच्या चौकटीला रबर वॉशर घालून बोल्टने. कव्हरला खाली दोन रबरी पडद्या सोडल्यात, हायवेला वारा जोरात आला की त्या उघडतात नाहीतर कव्हरच हवेला अडवतं. सेन्सर रेडिएटरच्या वरच्या पाइपात, पहिला पंखा ९२ ला चालू, दुसरा ९७ ला. इथे पुष्कळ जण हावरटपणा करतात आणि पंखा ८० लाच चालू करून ठेवतात. अहो इंजिनचा थर्मोस्टॅटच ८२ ला उघडतो, तोपर्यंत पाणी रेडिएटरमध्ये जातच नाही नीट, मग पंखा कोणाला वारा घालतोय? दिवसभर फिरत राहतो आणि मोटर जाळून घेतो. आणि थर्मोस्टॅट काढून टाकणारे जे महाभाग आहेत त्यांच्याबद्दल परत कधीतरी.

मग वायरिंग. ही खरी पोस्ट इथे सुरू होते खरं तर.

दोन्ही पंखे मिळून २२ अँपिअर घेतात, आणि चालू होण्याच्या क्षणी त्याच्या दोन-अडीच पट. वायरिंगवाल्याने घरगुती दीड स्क्वेअर एमएमची वायर टाकली. मल्टीमीटर लावला तर बॅटरीला १३.६ आणि पंख्याला १२.४. एक व्होल्टच्या वर वायरीतच खलास, आणि तो जातो कुठे तर वायर तापवण्यात. वायर हाताला चांगली कोमट लागत होती. ती काढून सहा स्क्वेअर एमएमची टाकली, बॅटरीपासून फूटभरात फ्यूज, ४० अँपिअरचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), अर्थिंग बॉडीला रंग खरवडून. चकाचक काम. मी फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला.

सप्टेंबरात गणपतीला चाकरमानी आले होते, सामान आणायला देवरूखला गेलो, येताना केबिनमध्ये वास यायला लागला. माशाचा. मी आबांना म्हटलं पिशवीत काय घेतलंय, गणपती आहेत घरात. ते म्हणाले काही नाही, तूच बघ. मी सीटखाली बघितलं, मागे बघितलं, मला वाटलं आदल्या महिन्यात मासळी नेली होती तिचं पाणी कुठे मुरलंय. दोन दिवस असंच. गाडी धुतली, उदबत्ती लावली. तिसऱ्या दिवशी पंखे चालूच होईनात आणि बॉनेट उघडलं तर रिलेचा सॉकेट अर्धा वितळून तपकिरी झालेला, एका बाजूची पिन आतल्या आत खचलेली आणि वास भपकन तिथून. विजेचं ते कडक प्लॅस्टिक तापलं की माशासारखा वास मारतं, हे बाकी जगात लोकांना घाबरवत असेल, पण कोकणात माशाच्या वासाला कोण घाबरणार सांगा मला. आम्ही दोन दिवस बांगडा शोधत होतो.

कारण अगदी फालतू. ३० नंबरच्या, म्हणजे बॅटरीकडून येणाऱ्या पिनेचा लग (वायरीच्या टोकाला दाबलेला धातूचा दात) सॉकेटमध्ये किंचित सैल होता. वायर सहाची, फ्यूज बरोबर, रिले चांगला, आणि करंट जातोय त्या एका सैल दाताळ्यातून. फ्यूज का गेला नाही? कारण करंट जास्त झालाच नव्हता, २२ चा २२ च होता, फक्त त्या एका बिंदूवर सोल्डरिंगची काडी ठेवल्यासारखी उष्णता होत होती. आता दोन पंख्यांना दोन वेगळे रिले आहेत, सिरॅमिकचे सॉकेट, आणि लग पक्कडीने नाही, क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबलेले.

बेल्टच्या पंख्याची दुखणी सगळी कपलिंगमध्ये होती, दिसायची, हाताला लागायची. इलेक्ट्रिक केला की तीच दुखणी वायरीत, लगमध्ये, गाडीची वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरमध्ये जाऊन बसतात. आमचा अल्टरनेटर ४५ अँपिअरचा, तोही इंजिन पळताना, आयडलला त्याच्या निम्मा पण देत नसेल. रात्री उभ्या गाडीत पंखे लागले की हेडलाइट एकदा डोळा मारते. पावसात वायपर, लाइट, पंखे सगळं एकदम लागलं तर बॅटरी घरची खाते. बरं, पावसात पंखे सहसा लागत नाहीत, आणि रस्त्यावर गुडघाभर पाणी असलं की मी डॅशबोर्डवरच्या बटणाने ते बंदच करतो, पाणी कापत फिरून पाती मोडायला नकोत. बेल्टच्या पंख्याला असं बटण नव्हतं, हा एक फायदा मात्र नक्की.

मला कोणीतरी विचारलं, मग दहाचाकी ट्रकला इलेक्ट्रिक का नाही लावत. त्यांचे पंखे पूर्ण जोरात तीस-चाळीस हॉर्सपॉवर खातात. तीस हॉर्सपॉवर म्हणजे २२ किलोवॉट, ट्रकची बॅटरी २४ व्होल्ट, भागाकार करा, नऊशे अँपिअरच्या वर जातो. दंडाएवढी जाड केबल लागेल. म्हणून तिथे अजून इंजिननेच फिरणारे पंखे, फक्त क्लच हवेच्या प्रेशरचा किंवा विजेचा. आणि छोट्या कारना सगळ्यांना इलेक्ट्रिक असतो त्याचं कारण वेगळंच, त्यांचं इंजिन आडवं असतं, पुली बाजूच्या चाकाकडे तोंड करून, रेडिएटर समोर. बेल्टने फिरवणार कसा? नाइलाज होता तो.

आता निकाल. फेब्रुवारीत, सीझनच्या आधी, मेस्त्रींनी बळेच रेडिएटर उतरवला. जुना पितळी आहे, वरची टाकी झाळून काढता येते. उघडून दाखवला तर निम्म्या नळ्या पांढऱ्या गाळाने बुजलेल्या, वर्षानुवर्षं बोअरचं पाणी टाकल्याचं फळ. प्रत्येक नळीत सळई घालून साफ केल्या, टाकी परत झाळली, निम्मं कुलंट निम्मं डिस्टिल्ड पाणी. खर्च अठराशे. या मे महिन्यात घाटात, तीच दुपार, तेवढ्याच पेट्या, मी लावलेला छोटा डिजिटल मीटर जास्तीत जास्त १०१ वर गेला आणि वर आंबा गावाला पोचेपर्यंत खाली आला.

मेस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, "मग गेल्या वर्षी रेडिएटर साफ करून नवीन कपलिंग टाकलं असतं तर?" मी म्हटलं, बहुतेक तेवढ्यात झालं असतं. पंखे, कव्हर, वायर, रिले, दोनदा मजुरी मिळून माझे अकरा हजार गेले होते, कपलिंग साडेतीन हजारांना मिळत होतं. जुना पंखा गोणपाटात बांधून पडवीच्या माळ्यावर ठेवलाय, आबा फेकू देत नाहीत, आणि मीही जोर करत नाही. चार आखूड बोल्ट काढायचे, चार लांब घालायचे, एवढंच आहे.

बाकी डॅशबोर्डच्या कप्प्यात दोन जादा रिले आणि चार फ्यूज एका पेढ्याच्या डब्यात असतात. आणि आईने चुलीवर बांगडे ठेवले की मी एकदा अंगणात जाऊन बॉनेट हुंगून येतो, घरचे हसतात, हसू देत.